जमादाराचं वऱ्हाड

धुरपताबाई हसायला लागली की आमच्या टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची, कुत्री भुंकायला लागत. खोटं नाही सांगत. हसू आधी पोटात फिरायचं, मग खांद्यांवर चढायचं, मग डोक्यावरचा पदर खाली यायचा आणि शेवटी ती स्वतःच जमिनीवर बसायची. मी करडी गावची लेक. लग्न होऊन शहापूरजवळच्या बोडीटोल्याला आले, तेव्हा उंबरठ्यावर माप ओलांडताना माझा पाय मापाऐवजी नणंदेच्या पायावर पडला. सगळं घर गंभीर झालं, आणि नेमकं तेव्हा कुंपणापलीकडून हे हसू आलं. मला असा राग आला की या बाईशी जन्मात बोलायचं नाही, असं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. आठवडा गेला नाही तोच मी तिच्या अंगणात बसून शेंगा सोलत होते.

तिला मूलबाळ नव्हतं. कुणी कुजबुजायच्या आत ती स्वतःच सांगून टाकायची, म्हणजे कुजबुजणाऱ्यांची पंचाईत. नवरा सेवकराम म्हणजे गरीब गाय. दिवसभरात बोलला तर बैलांशी, आणि तेही आवाज न चढवता. माणसांच्या लग्नात धुरपताबाईला गाणी म्हणायला पहिलं बोलावणं असायचं, पण हळदीच्या पाटाजवळ तिला कुणी येऊ देत नसे. तिथे लेकुरवाळ्या बायाच लागत. ती मांडवाच्या खांबाला टेकून गायची आणि पाटावरच्या बायांना गाण्यातूनच असे चिमटे काढायची की त्यांना हसावं की रडावं कळत नसे. मला त्या बायांचा अजून राग आहे.

एका लग्नात मात्र ती वरमाय व्हायची. पावसानं ओढ दिली की आमच्याकडे बेडकाचं लग्न लावतात. नवरदेव एका वस्तीचा, नवरी दुसऱ्या वस्तीची. हळद, बाशिंग, डफडं, जेवणावळ, सगळं माणसांसारखं. वरमायेचे पाय धुतात, तिला लुगडं नेसवतात, आणि लग्न लागलं की दोन्ही वस्त्यांची माणसं एकमेकांना व्याही म्हणायला लागतात. नवरीला एकटीला सासरी पाठवत नाहीत. माहेरची एक पाठराखीण सोबत जाते. बेडकीलाही पाठराखीण म्हणून एक बारकी बेडकी द्यावीच लागते, नाहीतर वऱ्हाड जागचं हलत नाही. बेडकाची आई व्हायला इतर बाया लाजत. धुरपताबाईनं ते पद एकदा उचललं ते सोडलंच नाही. लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून ती अशी चालायची की खऱ्या वरमायांनी शिकून घ्यावं.

आणि तिच्याकडे जमादार होता. न्हाणीत रांजणामागे एक खापर पालथं पडलेलं असायचं, त्याखाली हा बसायचा. हिरवा, पिवळ्या कडेचा, ताटलीएवढा बेडूक. गवत कापताना धुरपताबाईचा विळा लागून त्याच्या मागच्या पायाचं एक बोट तुटलं होतं. ती त्याला घरी घेऊन आली आणि हळद लावली. बरा झाला तरी तो गेला नाही. दिवसभर काही न करता फुगून बसायचा आणि मन झालं की एकदाच दमदार ओरडायचा, म्हणून नाव जमादार.

"अंग धू देत नाई हा मले," ती तक्रार करायची. "टक लावून पाहाते. मी म्हन्लं, बापा, आईले असं पाहाते का कोनी?"

असं सगळं चाललं असताना सत्याहत्तर साली धनीरामशेठ आला. आधी तो गुरांची दलाली करायचा. आता शहापूरला हायवेच्या कडेला त्यानं एक टिनाचं शेड भाड्यानं घेतलं होतं आणि बुशशर्टच्या खिशात एक रंगीत चित्र घेऊन गावोगाव फिरत होता. चित्रात पांढरी बशी, बशीत हिरवा पाला, आणि पाल्यावर तळलेले पाय.

"कोंबडीचं पिल्लू व्हय का?" शकुनबाईनं विचारलं. शकुनबाई म्हणजे गावातली सगळ्यात चौकस बाई. मांजर व्याली तरी पिल्लाचा बाप विचारणारी.

"बेंडूक," धनीराम म्हणाला. "परदेशातले साहेब लोक खातेत. मोठ्या हॉटेलात. फक्त मागचे पाय."

"अन् पुढचे?"

"फेकून देतेत."

धुरपताबाईनं विचार केला. "मंग पोटात गेल्यावर ते मागचे पाय उड्या मारत असतीन नं जी?" आणि ती जी खाली बसली, तिच्यामागे आम्ही सगळ्या बसलो. धनीरामलाही हसू आवरेना. माणूस वाईट नव्हता, हे आताच सांगून ठेवते.

त्या पावसाळ्यात गाव वेडं झालं. दिवेलागण झाली की माणसं, बाया, पोरं, सगळे टेंभे घेऊन बांध्यांमध्ये. बांधी म्हणजे आमचं धानाचं खाचर. उजेड डोळ्यांवर पडला की बेडूक जागीच बसतो, उचलायचा आणि पोत्यात टाकायचा. जो बेडूक आजवर फुकट ओरडत होता, तो वजनानं विकला जाऊ लागला. धुरपताबाई सगळ्यात पुढे. तिनं गाणं म्हटलं की बेडूक साथ देतात असं तिचं म्हणणं, आणि आम्ही त्या साथीच्या रोखानं जायचो. एकदा सरपंच चिखलात आडवे झाले आणि त्यांना उठवायच्या आधी शकुनबाईनं त्यांच्या पाठीखालचा बेडूक काढून घेतला. पैसा आला. माझ्या कानात डूल आले. धुरपताबाईनं ट्रान्झिस्टर घेतला आणि त्याला झालर लावलेलं झबलं शिवलं. जमादाराला मात्र तिनं हात लावू दिला नाही. तो खापराखालून ट्रान्झिस्टर ऐकायचा.

दुसऱ्या वर्षी तितकी मजा राहिली नाही. तिसऱ्या पावसाळ्यात, आखाडातल्या एका संध्याकाळी, मी अंगणात भांडी घासत होते, तर धुरपताबाई कुंपणापाशी आली. चेहरा काहीतरी हरवल्यासारखा.

"काहून वो करडीवाली, तुले काई ऐकू येऊन राहिलं का?"

मी कान दिला. "मले तं काईच ऐकू नाई येऊन राहिलं."

"तेच तं!"

त्या वेळी मला कळलं. आखाडातली संध्याकाळ, आणि गाव मुकं. एकही बेडूक ओरडत नव्हता.

मग एकेक गोष्ट लक्षात यायला लागली. बांध्यांच्या धुऱ्यांमध्ये, म्हणजे कडेच्या बांधांमध्ये, खेकड्यांनी बिळंच बिळं केली होती, पाणी टिकेना. खेकड्यांची ही पोरं आजवर बेडकांच्या पोटात जायची. धानावर तुडतुडे इतके की हात फिरवला तर तळवा माखायचा. आणि याच वेळी धनीरामशेठनं शेडच्या पुढच्या भागात दुकान काढलं. पावडरचे डबे, फवारणीचे पंप. डब्यावर कवटीचं चित्र. मुंबईकडे बेडूक घेऊन गेलेला ट्रक रिकामा कशाला यायचा? येताना तो हे डबे आणायचा. दर मंगळवारी सकाळी एकाच शेडच्या मागच्या दारातून पेट्या चढत आणि पुढच्या दारात डबे उतरत. धनीरामला यात काही वावगं दिसत नव्हतं. ट्रकचं भाडं वाचत होतं.

आमच्या टोल्यावर यादोराव मेश्राम होते. भंडाऱ्याला सरकारी नोकरी, सायकलवर जाणं-येणं, रोज पेपर वाचणारा माणूस. छप्पन साली त्यांच्या वडलांनी बुद्धाची दीक्षा घेतली, तेव्हापासून त्यांच्या घरी देवदेवस्की बंद. एकदा सायकल थांबवून त्यांनी धुरपताबाईला सांगितलं की ज्या देशात हे बेडूक जातात, तिथे आपले स्वतःचे बेडूक धरायला मनाई आहे. कायदाच आहे तसा. यातल्या काही पावडरीही तिकडे बंद आहेत. तिकडे विकता येत नाहीत म्हणून इकडे येतात.

"म्हनजे," धुरपताबाई म्हणाली, "त्याईचे बेंडूक म्हनजे लेकरं, अन् आमचे म्हनजे भाजी?"

मी काही व्यापाराच्या विरुद्ध नाही. आमचा तांदूळ बाहेर जातो, बाहेरून मीठ येतं. माणसानं माणसाशी देवाणघेवाण करावी, त्यात काय वाईट? पण एवढ्या दुरून कुणी आपल्या शेतात हात घालतो, तर त्यानं एकदा धुऱ्यावर येऊन विचारावं की नाही, बायांनो, हे नेलं तर तुमचं काय अडेल? भाव ठरवणारे तिकडे, चव घेणारे तिकडे, कायदा करणारेही तिकडे. आमच्याकडे फक्त पोतं धरायचं काम. आणि आम्ही ते हसत हसत केलं, याचीच मला चीड येते.

एकोणऐंशीचं ते साल. पाऊस एकदा येऊन गेला तो गेलाच. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, पिवळे पडायला लागले, रोवणा, म्हणजे लावणी, खोळंबला. गावानं बसून ठरवलं की बेडकाचं लग्न लावायचं. मग माणसं बेडूक शोधायला निघाली. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठाला, विहिरीत, केळीच्या बुंध्यात. नाही. शकुनबाईनं आसगावच्या माहेरी निरोप धाडला, दोन बेंडूक पाठवा. तिकडून उलटा निरोप आला की तुमच्याकडे असले तर आम्हाला एक द्या. ज्या गावानं पोती भरभरून बेडूक विकले, त्या गावाला लग्नापुरता एक मिळेना. लोक हताश झाले, पण धुरपताबाई मात्र फुलली.

"नवरदेव आहे नं! माझ्या न्हानीत बसून आहे, उपवर होऊन!"

सगळा घोळका तिच्या मागे न्हाणीत. तिनं रांजणामागे हात घालून खापर उचललं. खाली ओली माती, आणि काही नाही.

सेवकराम दारात उभा होता. त्याच्या काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी. आधी तो बैलांकडे बघत राहिला, पण बैल मदतीला येईनात. मग त्यानं कागद उघडला. आत हिरवंगार लुगडं, लाल काठाचं.

"तू वरमाय व्हनार," तो म्हणाला. "जुनं लुगडं इरलं होतं. धनीरामशेट म्हने, मोठ्या बेंडकाचा दुप्पट भाव. मले वाटलं, नवरदेव कोनताबी चालते."

आयुष्यात त्याचं सगळ्यात लांब बोलणं ते. वरमायेचं लुगडं घ्यायला त्यानं नवरदेवच विकला होता! कुणी हसायचं धाडस करेना. धुरपताबाईनं लुगड्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, तिचे डोळे भरून आले, आणि मग खांदे हलायला लागले. ती हसत होती की रडत होती, मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही.

"कवा विकला?"

"काल."

"ट्रक मंगळवारी येते. आज इतवार." तिनं पदर खोचला. "चाल वो करडीवाली."

आम्ही दोघी शहापूरला गेलो. शेडमध्ये फळ्यांच्या पेट्या एकावर एक रचलेल्या, वर ओली गोणपाटं. जिल्ह्याभरातला माल. पेट्या तारेनं बांधलेल्या. धनीराम बाजेवर बसून चहा पीत होता.

"माझा जमादार द्या," धुरपताबाई म्हणाली.

सगळं ऐकल्यावर तो बिचारा हळहळला, पण पेटी उघडेना. "बाई, एक पेटी उघडली का सारे उडाले. मुंबईवाले पेटीमागं वजन पाहातेत. मी कोनत्या पेटीत शोधू? एक पाहिजे तं सारेच घ्या." आणि आपल्याच विनोदावर हसला.

धुरपताबाई पेट्यांपुढे उभी राहिली आणि तिनं गाणं सुरू केलं. लग्नात म्हणायची तेच, जमादाराला आंघोळीच्या वेळी ऐकवायची तेच:

"जमादार माझा वो, बांधीचा राजा वो,
नवरी त्याची उडाली, चिखलात जाऊन बुडाली."

आधी एक आवाज आला. मग दुसरा. मग सगळं शेड उठलं. गोणपाटांखालून, फळ्यांमधून, छतापर्यंत रचलेल्या पेट्यांमधून असा गजर सुरू झाला की धनीरामच्या हातातला चहा सांडला. या पावसाळ्यात एकदाही ऐकला नव्हता तो आवाज. मी तर रडायलाच लागले. धुरपताबाई गाताना थांबली, तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं, आणि ती एकदम अदबीनं पाटावर बसावं तशी जमिनीवर बसली.

"शेटजी," ती म्हणाली, "आमच्याकडं नवरी नाई. तुमच्या घरची द्या. तुमी नवरीचे बाप व्हा."

धनीरामला तीन मुलगे, मुलगी नाही. शिवाय पुढच्या वर्षीही गावोगावच्या बायांनी त्याला माल द्यायला हवा होता. तो विरघळला. छातीवर हात ठेवून म्हणाला, "होते नं! मले पोरगी नाई, बाई. घ्या सोयरिक. उद्याच लगन लावू, मंगळवारी ट्रक यायच्या आंदी."

बेडकाच्या लग्नात नवरीच्या बापाला काय काय द्यावं लागतं, हे तो लहानपणापासून पाहत आला होता. पण त्या वेळी त्याच्या डोक्यात फक्त फेटा होता.

सोमवारी सकाळी आमचं वऱ्हाड निघालं. लग्न नवरीच्या दारात लागतं, म्हणून सगळा टोला बैलबंड्या जुंपून शहापूरच्या रस्त्याला. पुढे डफडं, मागे सनई, त्यामागे पोरं, आणि पहिल्या बंडीत हिरवं लुगडं नेसलेली धुरपताबाई. नवरदेव आधीच सासुरवाडीत जाऊन बसलेला, म्हणून तिच्या मांडीवर त्याचं खापर. खापराला बाशिंग बांधलेलं. जुन्या काळी नवरदेव लढाईवर असला तर त्याच्या खांड्याशी, तलवारीशी, नवरीचं लग्न लावत म्हणे. आम्ही खापराशी लावणार होतो. वाटेतली गावं विचारायची, "नवरदेव कोन?" आणि धुरपताबाई खापर वर करून दाखवायची. काही लोक कामं टाकून आमच्या मागे लागले. वऱ्हाड वाढतच गेलं. यादोरावही रजा काढून सायकलवर आले. "मी हे लग्न मानत नाही," त्यांनी बजावलं, "बेडकाच्या लग्नानं पाऊस पडत नाही. पण बेडूक किडे खाते, हे मानतो. आणि जेवण मानतो."

धनीरामनं फेटा बांधला होता. शेडला आंब्याचे डहाळे. पावडरच्या डब्यांवर पांढरं धोतर अंथरून बोहलं केलं होतं. त्यानं वरमायेचे पाय धुतले, आणि धुरपताबाई अशा थाटात बसली की जणू सात मुलांची आई. नवरीला पिवळ्या कापडात धरून आणलं. ती दोनदा उडाली, एकदा भटजी म्हणून उभ्या राहिलेल्या तुलारामच्या छातीवर. अक्षता पडल्या. "सावधान!" म्हटलं आणि पेट्यांमधून सगळा व्याहीवर्ग ओरडला. हायवेवरचे ट्रक थांबायला लागले. एका सरदारजी ड्रायव्हरनं नवरीला आहेर म्हणून नारळ दिला. जेवणं झाली, भात-वरण आणि वांग्याची भाजी. सेवकराम डफड्यावर नाचला! कमरेत वाकून, डोळे मिटून, कुणाकडे न बघता नाचला.

मग बिदाई. शकुनबाईनं रडण्याचा सूर लावला आणि धनीरामच्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं. त्यानं नवरीला धुरपताबाईच्या ओटीत घातलं.

"पोरीले सांभाळजा, बाई," तो म्हणाला.

"सांभाळतो नं, इवाई," धुरपताबाई म्हणाली. "पन एकटीले कशी धाडता? पाठराखीन?"

"हे घ्या," असं म्हणून तो हसत हसत एका पेटीची तार सोडायला वाकला.

"एकीनं भागत नाई जी. माहेर एवढं मोठं. कोनाले नेता अन् कोनाले ठेवता? मागं राहिलेल्या रुसन्यात दिवस काढतीन." ती पेट्यांकडे बोट दाखवून मोजू लागली, "हे मावशी, हे आत्या, हे काकू..."

धनीरामच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. बाया दारात पदर धरून उभ्या होत्या. पाठराखीण दिल्याशिवाय वऱ्हाड हलत नाही, ही रीत त्याच्या घरातही होती. तो व्यापाऱ्यासारखं बोलायला गेला. "वजन, मुंबईवाले, ऑर्डर..." पण त्याच्या डोक्यावर फेटा होता, कपाळावर हळद होती, आणि आसपासच्या गावांची माणसं बघत होती. नवरीचा बाप पाठराखिणीचं वजन कसं सांगणार?

त्यानं फेट्याच्या शेवानं डोळे पुसले. "न्या," तो म्हणाला. "सारे न्या. मुंबईवाल्याईले सांगतो, पोरगी सासरी गेली."

मग काय सांगू! पेट्या बंड्यांवर चढल्या. दोन-चार तारा सुटल्या आणि शेडभर बेडूक. डाळीत बेडूक, फेट्यात बेडूक, सरदारजीच्या ट्रकच्या पायरीवर बेडूक. शकुनबाई एकाला धरायला धावली आणि तिसऱ्यावर बसली. यादोराव चष्मा पुसत म्हणाले, "एवढे किडे खाणारे मी कधी एकत्र पाहिले नव्हते." आम्ही हसून हसून एकमेकींच्या गळ्यात पडलो.

फक्त धुरपताबाई हसत नव्हती. ती खापर काखेत धरून एकेक पेटी बघत होती, एकेका मोठ्या बेडकाचा मागचा पाय उचलून बोटं पाहत होती. नवरदेव पाहिजे होता तिला. शेवटची पेटी झाली तेव्हा तिनं धनीरामकडे मान वर करून पाहिलं.

धनीराम खाली बघत होता. "वयनी," तो म्हणाला, आणि बाई सोडून पहिल्यांदाच त्यानं तिला वहिनी म्हटलं, "मोठा माल काल रातच्या गाडीनं गेला. मुंबईहून तार आली होती. मले... सांगितलं तं लगन मोडन असं वाटलं."

डफडं थांबलं. धुरपताबाईनं खापरावरचं बाशिंग सोडलं, घडी करून कनवटीला लावलं. ओटीत नवरी हालत होती. तिनं तिच्यावर पदर घातला.

"चला बायांनो," ती म्हणाली. "पाठराखिनी तहानल्या असतीन."

दिवस मावळायच्या आत आम्ही सगळ्या पेट्या बोडीत रिकाम्या केल्या. बोडीत गुडघाभर पाणी होतं, पण बेडकाला तेवढं पुरतं. नवरीला धुरपताबाईनं न्हाणीत नेलं, रांजणामागे, त्याच खापराखाली. विधवा म्हणायची तिला की सवाष्ण, यावर बायांमध्ये बरेच दिवस वाद चालला.

पाऊस आला का, ते विचारू नका. त्या वर्षी नाही आला. यादोरावांनी आम्हाला कधी हिणवलं नाही. पण पुढच्या आखाडात आमच्या बांध्या ओरडायला लागल्या, खेकड्यांची बिळं कमी झाली, आणि आमच्या टोल्यानं पुन्हा एकही बेडूक धरला नाही. व्याह्यांना पोत्यात कसं भरणार? धनीरामनंही आमच्याकडे कधी माल मागितला नाही. दुसऱ्या तालुक्यांतून नेत राहिला, पण दर आखाडात लेकीला म्हणून एक ओलं गोणपाट घेऊन यायचा. धुरपताबाई त्याचे पाय धुवायला पाणी ठेवायची. तो ते पाणी ओलांडून आत यायला लाजायचा.

सत्त्याऐंशी साली एका सकाळी धुरपताबाईच्या त्याच ट्रान्झिस्टरवर, झबलं जुनं होऊन विटलेलं, बातमी लागली की सरकारनं बेडकांचे पाय परदेशी पाठवणं बंद केलं. शेतातले किडे वाढतात, असं काहीतरी कारण सांगत होते. मी हातातलं पीठ तसंच घेऊन कुंपण ओलांडून धावले. शकुनबाई आली, यादोराव सायकल टाकून आले. आता हसू फुटणार, कुत्री भुंकणार, म्हणून आम्ही वाट बघत उभे.

धुरपताबाई न्हाणीच्या दारात बसली होती. केस पांढरे झाले होते. खापराखाली आता त्या नवरीचीही नातवंडं असतील, कोण जाणे. तिनं बातमी नीट ऐकली, पुढची बातमी सुरू झाली तरी कान लावून बसली. मग तिनं यादोरावांना विचारलं:

"मंग, नेलेले कवा वापस आनून राहिले म्हनते?"